आवडती पुस्तके, नावडती पुस्तके

उन्हाळी सुटी ही मुलांच्या वाचनाची खरी परीक्षा असते. वर्षभर मूल जे वाचते ते शाळेच्या धाकाने. एप्रिलच्या शेवटी परीक्षा आटोपली की पुस्तक हातात घ्यायला सांगणारे कोणी उरत नाही. त्या दीड-दोन महिन्यांत मूल जे आपणहून उचलते ते त्याचे आवडते पुस्तक आणि वडिलांनी चार वेळा हातात देऊनही जे तो फडताळात परत ठेवतो ते नावडते. असा साधा हिशेब आहे. पण आपल्या समाजात पुस्तकांचा हिशेब मुलांकडे कधीच नव्हता. कोणते पुस्तक चांगले, कोणते वाईट, हे ठरविण्याचा मान थोरांचा. उर्दूतील बालवाचनाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर तो बराचसा या यादी करणाऱ्या थोरांचा इतिहास आहे आणि त्यांच्या याद्या मुलांनी कशा मोडल्या याचाही.

या इतिहासाच्या आरंभी एक सरकारी बक्षीस आहे. १८६८ साली वायव्य प्रांताच्या, म्हणजे आजच्या बहुतांश उत्तर प्रदेशाच्या, सरकारने जाहीर केले की देशी भाषांत उपयुक्त पुस्तक लिहिणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत इनाम मिळेल. स्त्रियांच्या उपयोगाची पुस्तके आली तर अधिक बरे, असेही त्यात होते. डेप्युटी नजीर अहमद यांनी आपल्या मुलींना वाचायला म्हणून घरात एक गोष्ट लिहून ठेवली होती. तीच 'मिरातुल उरूस' या नावाने १८६९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला पूर्ण हजार रुपये मिळाले, लेफ्टनंट गव्हर्नर सर विल्यम म्यूर यांनी स्वतःकडून घड्याळ दिले आणि सरकारने दोन हजार प्रती विकत घेतल्या. दोन बहिणींची ही कथा आहे. अकबरी फटकळ, आळशी, उधळी. असगरी शहाणी, काटकसरी, सासर सावरणारी. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान मोठा आहे आणि दिल्लीच्या बायकांची बोली तिच्यात जशी उतरली आहे तशी त्याआधी क्वचितच कुठे उतरली होती. पण एखाद्या मुलीला सुटीत ती वाचायला द्या. तिचे मन अकबरीच्या भांडणांत रमते आणि असगरी आली की ती पाने उलटू लागते. असगरी चुकतच नाही. न चुकणाऱ्या माणसाशी मुलांची दोस्ती होत नाही.

याच नजीर अहमदांच्या 'तौबतुन्नसूह' (१८७४) या कादंबरीत उर्दू वाचनाच्या इतिहासातला एक विलक्षण प्रसंग आहे. पटकीतून बचावलेला नसूह कयामतचे स्वप्न पाहतो आणि घर सुधारायला निघतो. धाकटी मुले ऐकतात, थोरला कलीम ऐकत नाही. तो शायर आहे, रसिक आहे. तो घर सोडून गेल्यावर नसूह त्याच्या खोलीतले पुस्तकांचे कपाट उघडतो. जिल्दी सुंदर, अक्षर सुंदर, आणि आत 'फसाना-ए-अजायब', 'गुल बकावली', 'आराइश-ए-महफिल', मीर हसनची मसनवी, 'इंदरसभा'. या सगळ्यांना नसूह आग लावतो. लेखकाची सहानुभूती नसूहकडे आहे यात शंका नाही. परंतु ती जळणारी पुस्तके वर्णिताना त्याची लेखणी इतकी रंगते की ही सगळी त्याने स्वतः प्रेमाने वाचली होती हे लपत नाही. पुढे कलीम दौलताबादला जाऊन फौजेत नोकरी धरतो आणि जखमी होऊन परततो. नाव आपल्या दौलताबादचे असले तरी हे संस्थान कादंबरीतले, काल्पनिक आहे. आमच्या भागातले वाचक मात्र तेथे हटकून थबकतात. नजीर अहमद स्वतः १८७७ मध्ये सालारजंगांच्या बोलावण्यावरून निजामाच्या नोकरीत आले होते, त्यामुळे हे थबकणे अगदीच अस्थानी नाही.

नसूहच्या आगीतली 'आराइश-ए-महफिल' म्हणजे हातिमताईची गोष्ट. सात सवाल आणि ते सोडवायला निघालेला एक उदार माणूस. आपल्या कित्येक घरांत आजीच्या तोंडून ती आली आहे. जाळण्यासारखे त्यात काय होते? जिन्न, परी, तिलिस्म यांनी मुलाचे मन कामातून उडते, ही भीती होती. १८५७ नंतर हरलेल्या समाजाला वाटू लागले होते की आपण दास्तानांत रमलो म्हणून बुडालो. ती भीती समजण्यासारखी आहे. पण याच सुमारास लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड एकामागून एक बाहेर पडत होते (पहिला १८८३ मध्ये) आणि वाचक ते मागून मागून नेत होते. याद्या एकीकडे, वाचक दुसरीकडे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीस मौलाना अशरफ अली थानवी यांनी 'बहिश्ती जेवर' लिहिले. मुलींना दीन आणि घर दोन्ही कळावे हा त्यांचा हेतू, आणि त्या एका ग्रंथाने हजारो मुली लिहायला-वाचायला शिकल्या हे श्रेय कोणी नाकारू नये. निकाहनंतर मुलीच्या पेटीत कुरआन शरीफच्या बरोबर हा ग्रंथ ठेवण्याची रीत दख्खनेतही होती. त्याच्या दहाव्या भागात वाचण्याजोग्या आणि न वाचण्याजोग्या पुस्तकांच्या याद्या आहेत. न वाचण्याजोग्या यादीत 'इंदरसभा', 'अलिफ लैला' यांच्या पंक्तीला चक्क नजीर अहमदांची पुस्तकेही बसविली आहेत. त्यांत काही शहाणपणाच्या गोष्टी आहेत, पण काही भाग दीन कमजोर करणारा आहे, असा त्यांचा अभिप्राय. ज्याने कादंबरीत पुस्तके जाळली, त्याचीच पुस्तके पुढच्या यादीत टाकाऊ ठरली. इतकेच नव्हे. १९०८ च्या सुमारास नजीर अहमदांनी उम्महातुल मोमिनीन यांच्यावर 'उम्महातुल उम्मह' लिहिले. त्यातली भाषा अनेकांना अदबीला सोडून वाटली, गदारोळ झाला आणि त्या पुस्तकाच्या प्रती प्रत्यक्षात जाळण्यात आल्या. १९१२ मध्ये ते वारले. नसूहचा प्रसंग शिकविताना ही हकीकत सांगितली की वर्ग एकदम गप्प होतो.

मुलांच्या बाजूने कोणी उभे राहिलेच नाही असे मात्र नाही. लाहोरहून मौलवी सय्यद मुमताज अली यांनी १९०९ मध्ये 'फूल' हे मुलांचे साप्ताहिक काढले. जामिया मिल्लियाने १९२६ मध्ये 'पयाम-ए-तालीम' सुरू केले. त्याच जामियात डॉ. झाकिर हुसेन मुलांसाठी गोष्टी लिहीत आणि आपल्या लहानपणीच वारलेल्या मुलीची आठवण म्हणून रुकय्या रेहाना या नावाने छापत. त्यांतली 'अब्बू खाँ की बकरी' ही एका फ्रेंच गोष्टीवर बेतलेली आहे, पण ती इतकी आपली झाली की मूळ कोणाला आठवत नाही. चांदनी नावाची बकरी घर सोडून डोंगरावर पळते, लांडग्याशी रात्रभर झुंजते आणि पहाटे मरते. झाडावरचे पक्षी म्हणतात लांडगा जिंकला. एक म्हातारा पक्षी म्हणतो, चांदनी जिंकली.

या गोष्टीबद्दल मी मुलांशी दर वर्षी भांडतो. शाळा जूनमध्ये उघडली की आठवीच्या मुलांकडून मी दोन ओळी लिहून घेतो. सुटीत आवडलेले पुस्तक कोणते, न आवडलेले कोणते. पहिल्या दिवशी सगळे आवडते म्हणून पाठ्यपुस्तकाचे नाव लिहितात आणि नावडत्याची जागा कोरी ठेवतात. पुस्तक न आवडणे ही बेअदबी आहे असे त्यांना कोणी तरी शिकविलेले असते. आठवडाभराने पुन्हा विचारले की खरी उत्तरे येतात. 'अब्बू खाँ की बकरी' दोन्ही बाजूंना सापडते. "सर, रात्रभर लढली तरी मेलीच ना?" असे एकाने विचारले आणि नावडत्यात तीच लिहिली. दुसऱ्याने तीच आवडत्यात लिहिली, कारण विचारले तर म्हणाला की घर तिने स्वतः सोडले. हिंदुस्तानच्या एका राष्ट्रपतीने लिहिलेल्या गोष्टीवर आठवीतल्या पोराने असा निर्णय द्यावा, यापेक्षा चांगले समीक्षण मला ठाऊक नाही.

आता आपल्या मातीकडे यावे. १९१२ नंतर अंजुमन तरक्की-ए-उर्दूची सूत्रे मौलवी अब्दुल हक यांच्या हाती आली आणि अंजुमनचे काम औरंगाबादेतून (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) चालू लागले. १९२१ मध्ये तेथूनच 'उर्दू' हे त्रैमासिक निघाले. वजहीचा 'सबरस' तेथेच संपादून छापला गेला. मराठीवर फारसीचा काय असर झाला यावर अब्दुल हकांनी एक छोटे पुस्तकही लिहिले, ते मराठी अभ्यासकांनी वाचायला हवे. पण मुलांच्या दृष्टीने त्यांची सर्वांत मोठी देणगी म्हणजे 'चंद हमअस्र' या संग्रहातले एक व्यक्तिचित्र, 'नामदेव माली'.

नामदेव हा बीबी का मकबऱ्याच्या बागेतला माळी, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला. बागेची देखरेख अब्दुल हकांकडे होती आणि त्यांचे घरही त्याच आवारात. नामदेवला मूलबाळ नव्हते, रोपे हीच लेकरे. एखाद्या रोपाला कीड लागली की तो आजारी मुलाजवळ बसावे तसा बसे. दुष्काळ पडला तेव्हा दुरून घागरी वाहून त्याने झाडे जगविली. त्याबद्दल इनाम देऊ केले तर घेतले नाही, आपली लेकरे वाढविण्याचे कोणी इनाम घेते काय, असे त्याचे म्हणणे. जडीबुटीचे ज्ञान होते, लोकांच्या मुलांना औषध देई आणि पैसा घेत नसे. शेवटी काम करतानाच मधमाश्यांनी हल्ला केला. बाकीचे पळाले, त्याचे लक्ष कामात होते. तो तेथेच गेला. उर्दूच्या एका थोर पंडिताने राजे-नवाबांच्या बरोबरीने एका मराठी माळ्याचे चित्र लिहिले. भारत-पाकिस्तानातल्या कित्येक पाठ्यपुस्तकांतून ते लाखो मुलांनी वाचले आहे. कराचीतल्या मुलाला नामदेव ठाऊक आहे आणि शहागडहून एसटीने दोन तासांवर असलेल्या त्या बागेत सहलीला जाऊन आलेल्या आपल्या मराठी शाळेतल्या मुलाला तो ठाऊक नाही. आमच्या वर्गातला एक मुलगा सुटीत हा धडा शेजारच्या मराठी शाळेतल्या मित्राला तोंडी मराठी करून सांगत होता. मित्राचा प्रश्न एकच होता, हे आमच्या पुस्तकात का नाही?

सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर मराठवाड्यात कारभाराची आणि शिक्षणाची भाषा म्हणून उर्दूचे स्थान गेले. गोदाकाठच्या आमच्यासारख्या गावांत एकाच घरात तीन पिढ्यांच्या तीन लिप्या झाल्या. आजोबा उर्दू वाचणारे, वडील मराठी शाळेत गेलेले, मुले कुठे उर्दू तर कुठे मराठी माध्यमात. म्हणून आमच्या सुटीतल्या वाचनाला दोन कपाटे आहेत आणि त्यांची तुलना केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

उर्दूच्या कपाटात त्या काळी दिल्लीचे 'खिलौना' राज्य करीत होते. शमा प्रकाशनाच्या देहलवी कुटुंबाचे हे मासिक १९४८ मध्ये सुरू झाले आणि १९८७ पर्यंत चालले. आठपासून ऐंशीपर्यंतच्या सर्व मुलांसाठी, अशी त्याची ऐट. सिराज अन्वर यांच्या भीतिदायक बेटांच्या आणि काळ्या-निळ्या दुनियांच्या क्रमशः कथा त्यात येत. पुढचा अंक टपालाने येईपर्यंत मुले पोस्टमनचा जीव खात. रामपूरचे 'नूर'ही येई, ते वडिलांच्या पसंतीचे. कृष्णचंदर यांनी मुलांसाठी लिहिलेली 'उल्टा दरख्त' वाचलेले लोक आज साठीत आहेत आणि त्यांना ती अजून आठवते.

पण खरा राजा इब्ने सफी. मार्च १९५२ मध्ये अलाहाबादहून 'जासूसी दुनिया'ची पहिली कादंबरी निघाली. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले, तरी त्यांची पुस्तके अलाहाबादहून निघतच राहिली. १९५५ पासून 'इम्रान'ची मालिका आली. दोन्ही मिळून २४५ च्या आसपास कादंबऱ्या. आजारपणामुळे तीन वर्षे लेखन थांबले आणि १९६३ मध्ये 'डेढ मतवाले' आली तेव्हा भारतात तिचे प्रकाशन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाले. भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून या कादंबऱ्या एका रात्रीच्या बोलीने घरी येत आणि उशीखाली दडत. थोरांना राग याचा की पोरगा अभ्यास सोडून जासूसी वाचतो. गंमत अशी की उर्दूत फक्त अश्लील लिखाण खपते, असे कोणी तरी म्हणाले, ते खोटे ठरविण्यासाठीच इब्ने सफींनी लिहायला घेतले होते. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद यांच्या हजारो पानांत आई-वडिलांपासून लपवावे असे काही सापडत नाही. लपविले गेले ते केवळ 'ही वाचायची गोष्ट नव्हे' या जुन्या यादीमुळे. त्याच काळात मराठी घरांत बाबूराव अर्नाळकरांचा 'झुंजार' आणि 'काळा पहाड' असेच गाद्यांखाली दडत होते. वाडा कोणाचाही असो, उशा सारख्याच.

मराठीच्या कपाटात 'चांदोबा' होता (१९५२ पासून), बालभारतीचे 'किशोर' होते (नोव्हेंबर १९७१ पासून), भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता. आणि 'श्यामची आई' होती. १९३५ चे हे पुस्तक पूर्णपणे संस्कारांचे. ब्राह्मण घर, सोवळे-ओवळे, देवपूजा, यांतले काहीच आपल्या घरातले नाही. तरी आपल्या मुलांनी ते रडत रडत वाचले आहे. उपदेशाची पुस्तके मुलांना नकोशी असतात, हे सरसकट म्हणता येत नाही ते या एका पुस्तकामुळे. फरक असगरीत आणि श्याममध्ये आहे. श्याम पोहायला घाबरतो, माळ्यावर लपून बसतो, आईचा मार खातो. त्याच्या हातून चुका होतात आणि त्या तो स्वतः सांगतो. साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' हेही पुस्तक लिहिले, प्रेमाने आणि आदराने. ते मुलांपर्यंत का पोहोचले नाही याचे मला नेहमी नवल वाटते.

आता नावडत्यांबद्दल. एका वर्षी एका मुलाने नावडत्या पुस्तकाच्या जागी मराठीतल्या एका ऐतिहासिक गोष्टींच्या पुस्तकाचे नाव लिहिले. पुढे कारण होते. "त्यात माझ्या दादांच्या नावाचा माणूस फक्त मारला जातो." तो मुलगा शिवाजी महाराजांवर नाराज नव्हता. त्याच्या वहीच्या कव्हरवर महाराजांचेच चित्र होते. त्याची नाराजी गोष्ट सांगणाऱ्यावर होती. मी त्याला पायदळाचा सरनोबत नूरखान बेग, आरमारातला दौलतखान, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा काझी हैदर यांची नावे सांगितली. त्याने विचारले, यांची गोष्ट कुठे आहे? इतिहासाच्या ग्रंथांत ही नावे आहेत. गोविंद पानसरे यांच्या 'शिवाजी कोण होता?' या १९८८ च्या पुस्तिकेने ती घराघरांत नेली. सेतुमाधवराव पगडींसारखा निलंग्यात जन्मलेला, उर्दू-फारसी जाणणारा इतिहासकार मराठवाड्याने दिला. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाने सुटीत पालथे पडून वाचावी अशी नूरखान बेगाची गोष्ट माझ्या पाहण्यात नाही. अफजलखानाच्या गोष्टी मात्र डझनाने आहेत.

आणि उर्दूच्या कपाटातही हा मुलगा कुठे आहे? तेथे दिल्ली आहे, लखनौ आहे, बगदाद आहे. उसाच्या फडात कोयता धरणारा, गोदावरीच्या वाळूत क्रिकेट खेळणारा, घरी दखनी, वर्गात उर्दू आणि बाजारात मराठी बोलणारा मुलगा नाही. मुस्लिम मराठी लेखकांनी १९९० च्या सोलापूर संमेलनापासून या जीवनाला शब्द दिले. फ. म. शहाजिंदे आणि त्यांच्या पिढीने कवितेत, कथेत ते आणले. पण मोठ्यांसाठी. मुलांच्या बाबतीत आपण सगळेच अजून नसूहच्या घरात आहोत. काय वाचू नये हे आपल्याला चोख सांगता येते.

आज उशीखाली पुस्तक सापडत नाही, मोबाइल सापडतो. आता एखाद्या मुलाच्या उशीखाली 'जासूसी दुनिया' सापडली तर त्याचे वडील मिठाई वाटतील. पण मुले वाचत नाहीत हेही मला पटत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये मालेगावात राष्ट्रीय उर्दू परिषदेचा पुस्तक मेळा भरला, तेव्हा विक्री कोटीच्या घरात गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. यंत्रमागावर राबणाऱ्यांचे शहर आहे ते. त्याच वर्षी जानेवारीत औरंगाबादेत सातवीच्या वयाच्या एका मुलीने आपल्या घरची गोष्टींची पुस्तके मांडून मोहल्ल्यातल्या मुलांसाठी वाचनालय उघडले. बघता बघता शहराच्या इतर वस्त्यांत तशी 'मोहल्ला लायब्ररी' निघू लागली. तेथे उर्दूबरोबर मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकेही ठेवलेली असतात आणि त्यांची देवघेव मुलेच सांभाळतात. कोणते पुस्तक फाटेपर्यंत फिरले आणि कोणते कोरे राहिले, हे त्या मुलांच्या वह्यांत लिहिलेले असते. आमच्या वर्गातल्या लोखंडी पेटीचीही अशी एक वही आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्यात हातिमताई अकरा वेळा गेला, 'मिरातुल उरूस' एकदा गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. 'नामदेव माली'चा धडा असलेले जुने पाठ्यपुस्तक जो घेऊन गेला त्याने ते अजून आणून दिलेले नाही.